हक्कावर गदा आली, तर दाद कोठे मागावी?

नागपुरातील सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यांत स्त्रिया आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही त्यांची मागणी होती. पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारींच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ठरते आणि तीत फेरबदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. यादीतल्या शब्दांचा अर्थ लावता लावता न्यायालयाला नवे नाव आत घेता येत नाही, असे त्यामागचे कारण होते. जमातीचाच दर्जा मागणाऱ्या हलबा-कोष्टी समाजाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच सांगितले होते.

हे प्रकरण आरंभीच सांगण्यामागे हेतू आहे. नागपुरात उच्च न्यायालय आणि विधानभवन ही दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये आहेत, तरी कोणत्या गाऱ्हाण्यासाठी कोणाकडे जावे हे ठरवताना माणसे चुकतात, आणि त्या चुकीत पाच-दहा वर्षे सहज निघून जातात. मूलभूत हक्कांचे रक्षण न्यायालय करते हे खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. काही हक्क न्यायालयाने राखले, काही संसदेने कायदा करून दिले, आणि काही वेळा एकाने केलेली चूक दुसऱ्याला दुरुस्त करावी लागली. त्यामुळे वकील शोधण्याआधी किंवा आमदारांच्या कार्यालयात जाऊन बसण्याआधी आपल्या तक्रारीचे स्वरूप नीट ओळखावे.

तक्रार कोणत्या प्रकारची आहे?

स्वतःला पहिला प्रश्न असा विचारावा की, कायदा माझ्या बाजूने आहे का, आणि केवळ अधिकारी तो पाळत नाही, एवढीच अडचण आहे का? शिधापत्रिका असूनही धान्य नाकारले जाणे, नोटीस न देता टपरी उचलली जाणे, अटकेची कारणे न सांगता माणसाला ठाण्यात बसवून ठेवणे, ही सगळी या प्रकारातली गाऱ्हाणी आहेत. येथे नवा कायदा मागण्याची गरज नसते. आधी लेखी निवेदन, आणि त्याने काम न झाल्यास उच्च न्यायालय, असा हा मार्ग आहे.

दुसरा प्रश्न असा की, कायदाच हक्काच्या आड येतो आहे का? अनुच्छेद १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरतो, आणि तसे ठरवण्याचे काम उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय करतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ हे आपल्या राज्याला जवळचे उदाहरण आहे. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर एका विधी विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण असतो: जे मी मागतो आहे, ते आजच्या कायद्यात आहे तरी का? नसेल, तर ते देण्याचे काम बहुतेक वेळा कायदेमंडळाचे असते. गोवारींचा प्रश्न येथे अडला. अशा प्रकरणात न्यायालयात जिंकलेला निकालही वरच्या न्यायालयात टिकेल याची खात्री नसते, आणि टिकला नाही तर त्या आधाराने मिळालेली प्रमाणपत्रे, प्रवेश आणि नोकऱ्या अधांतरी लोंबकळत राहतात.

या तीन प्रकारांच्या सीमा नेहमीच स्पष्ट नसतात, हेही मान्य केले पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसदेचा कायदा होईपर्यंत ती बंधनकारक ठेवली. तो कायदा २०१३ साली आला, म्हणजे मधली सोळा वर्षे स्त्रियांनी न्यायालयाच्या त्या तत्त्वांच्या आधारावरच काढली. शिक्षणाचेही असेच झाले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क जगण्याच्या हक्कात वाचला, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद २१-अ म्हणून संविधानात लिहिला गेला, आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

उलट दिशेचे उदाहरण विदर्भातलेच आहे, आणि ते प्रत्येक नागपूरकराला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क त्यात होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली संसदेने फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद तेव्हा झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम असतो तो पक्षकारांपुरता; त्यामागचा कायदा बदलण्याची वाट त्यानंतरही खुली असते.

आधी कागद

कागद दाखवायला आलेल्या भाजीविक्रेत्या एका काकूंची प्लास्टिकची पिशवी मला अजून आठवते. पिशवीत आधार कार्ड, हातगाडीचे दोन फोटो आणि हाताने लिहिलेल्या तीन निवेदनांच्या प्रती होत्या. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाने गाडी, वजनकाटा आणि दिवसभराची भाजी उचलून नेली होती. तिन्ही निवेदने त्यांनी स्वतः जाऊन दिली होती, परंतु एकाही प्रतीवर आवक शिक्का नव्हता. कार्यालयाच्या दृष्टीने त्यांनी काहीच मागितले नव्हते.

रस्त्यावर व्यवसाय करणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खालील हक्क असून त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग प्रकरणात म्हटले होते. २०१० साली न्यायालयाने सरकारला याविषयी कायदा करण्यास सांगितले आणि संसदेने २०१४ साली पथविक्रेता अधिनियम केला. म्हणजे न्यायालयाने तत्त्व सांगितले आणि संसदेने त्याचा तपशील भरला, आणि सामान्य माणसाच्या उपयोगी पडतो तो हा तपशील. जागेवरून हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केल्यास त्याची यादी करून तिची स्वाक्षरी केलेली प्रत विक्रेत्याला दिली पाहिजे. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत सोडला पाहिजे.

आम्ही नवे निवेदन एकाच पानावर लिहिले. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या ठिकाणी काय उचलले, यादी दिली की नाही, कायद्याच्या कोणत्या कलमाप्रमाणे काय परत हवे आणि किती दिवसांत हवे, एवढेच त्यात होते. ‘माझ्यावर अन्याय झाला आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य मी खोडायला सांगितले, कारण हक्क मागताना सहानुभूती मागण्याचे कारण नाही. दोन प्रती नेल्या, एक दिली, आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख व सही घेतली. त्यानंतर हातगाडी आणि काटा परत मिळाला. भाजी मात्र गेली ती गेलीच.

निवेदनाला उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात तो जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत करावा लागतो. ‘कारवाई का केली?’ असे विचारू नये, कारण त्याला टोलवाटोलवीचे उत्तर मिळते. कारवाईचा आदेश, जप्तीचा पंचनामा आणि गोदामाच्या नोंदवहीतील त्या तारखेचे पान, यांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांची आहे. पुढे याचिका करायची झाली, तर हे कागद तिचा पाया ठरतात.

उच्च न्यायालयात जाताना

अनुच्छेद ३२ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, आणि त्याखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. तरीही सामान्य प्रकरणात दिल्ली गाठण्याची गरज नाही. अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचे अधिकार अधिक व्यापक आहेत, कारण ते मूलभूत हक्कांसाठी तर वापरता येतातच, शिवाय ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ही वापरता येतात. नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे येतात, त्यामुळे बुलढाण्याच्या किंवा गडचिरोलीच्या माणसालाही मुंबईला जावे लागत नाही.

याचिका कोणाविरुद्ध आहे, हे आधी पाहावे. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात, म्हणजे सरकार, महापालिका, जिल्हा परिषद, शासकीय मंडळे यांच्याविरुद्ध. खासगी मालकाविरुद्ध किंवा शेजाऱ्याविरुद्ध सहसा साधा दिवाणी वा फौजदारी कायदा वापरावा लागतो. अस्पृश्यता आणि वेठबिगारी यांविरुद्धचे हक्क मात्र खासगी व्यक्तींनाही बांधतात.

संविधानात पाच प्रकारचे प्राधिलेख (रिट), म्हणजे न्यायालयाने द्यायचे हुकूम, सांगितले आहेत, पण सामान्य नागरिकाला त्यांतील दोन-तीनच लागतात. अधिकारी कर्तव्य टाळत असेल तर परमादेश, बेकायदा आदेश रद्द करून हवा असेल तर उत्प्रेषण, आणि माणूस बेकायदा कैदेत असेल तर बंदी प्रत्यक्षीकरण. नाव चुकले म्हणून याचिका फेटाळली जात नाही, त्यामुळे त्याची फार चिंता करू नये. चिंता करावी ती दोन गोष्टींची. दुसरा उपाय उपलब्ध असताना येथे का आलात, असे न्यायालय पहिल्याच सुनावणीत विचारते. मूलभूत हक्काचा भंग झाला आहे, म्हणणे न ऐकताच आदेश दिला आहे, अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने तो दिला आहे किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान आहे, यांपैकी काही असेल तर ते याचिकेत ठळकपणे मांडावे. दुसरी गोष्ट विलंबाची. रिट याचिकेला ठरावीक मुदत नाही, परंतु गेलेल्या प्रत्येक महिन्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि शिक्का मारलेली निवेदने तेथे उपयोगी पडतात.

वकिलाकडे जाताना तारखेनुसार घटनाक्रम एका कागदावर लिहून न्यावा. त्याने वकिलाचे तास आणि आपले पैसे वाचतात. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी कागदांचे भाषांतर जोडावे लागते. याचिका दाखल झाल्यावर न्यायालयाचे कार्यालय तिच्यातील त्रुटींवर आक्षेप काढते. ते वेळेत दूर झाले का, हे वकिलाला विचारत राहावे, कारण चांगल्या याचिका आक्षेपांतच अडकून पडलेल्या असतात. टपरी उद्याच तुटणार असेल, तर अंतिम मागणीबरोबर निकालापर्यंतची अंतरिम स्थगितीही स्वतंत्रपणे मागावी. आपले वैयक्तिक गाऱ्हाणे जनहित याचिका म्हणून सजवू नये. ती फेटाळली जाते आणि प्रसंगी खर्चही भरावा लागतो.

फी परवडत नाही म्हणून मात्र कोणी मागे फिरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि उच्च न्यायालयातील प्रकरणासाठी तेथील विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करावा. १५१०० हा मदत क्रमांक घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

माणूस कोठडीत असेल तर

येथे निवेदन देऊन वाट पाहत बसू नये. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाला भेटू दिले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. नातलगाने घरातून नेल्याची नेमकी वेळ, गाडीचा क्रमांक आणि ठाण्याचे नाव लगेच लिहून ठेवावे. चोवीस तास उलटले आणि कोणी काही सांगत नसेल, तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करावी. अशी याचिका न्यायालय तातडीने ऐकते.

या याचिकेशी नागपूरचे नाते जुने आहे. आणीबाणीत अनुच्छेद २१ खालील, म्हणजे जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठीची, दाद स्थगित झाली असतानाही ज्या उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्याजोग्या ठरवल्या, त्यांत नागपूर खंडपीठ होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ते सर्व निकाल फिरवले; न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. त्यानंतर ही चूक आधी संसदेने दुरुस्त केली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीमुळे आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. न्यायालयाने स्वतःचा तो निकाल चुकीचा होता असे स्पष्टपणे म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला, तेही खासगीपणाच्या हक्काच्या निकालात.

विधिमंडळाकडे जाताना

प्रथम विषय कोणाचा आहे, हे पाहावे. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, जमीन हे राज्याचे विषय आहेत, तर जमातींची यादी संसदेच्या हाती आहे. खासदाराचे काम आमदाराकडे नेले, तर फक्त शिफारसपत्र मिळते. पथविक्रेत्यांसारख्या विषयात कायदा केंद्राचा असला, तरी नियम आणि योजना राज्याच्या असतात, म्हणून नियमांविषयीचा प्रश्न विधिमंडळातच विचारला गेला पाहिजे.

हिवाळी अधिवेशनात फाटकाबाहेर आमदाराच्या हाती जाडजूड फाइल देणारे लोक दरवर्षी दिसतात. त्या फाइलचे पुढे काही होत नाही, कारण तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. दिवाळीच्या आधीच सदस्याला भेटावे आणि एक पान द्यावे. त्यात शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख, माहिती अधिकारातून मिळालेले आकडे आणि मंत्र्यांना विचारायचा एकच नेमका प्रश्न असावा. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचनेची विनंती करावी. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर त्या उत्तराची प्रत मिळवून ठेवावी, कारण असे शब्द पाळले जातात की नाही हे पाहणारी आश्वासन समिती विधिमंडळात असते. विनंती अर्ज समितीचा मार्गही आहे. लोकसभेकडे विनंती अर्ज करायचा असल्यास सदस्याची प्रतिस्वाक्षरी घ्यावी.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. विषय न्यायालयात असेल, तर सभागृहात ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढे उत्तर मिळते आणि चर्चा थांबते. धोरण बदलून हवे असेल, तर आधी सभागृहात प्रश्न लावून घ्यावा आणि नंतर याचिकेचा विचार करावा, असे माझे मत आहे. घर पाडले जाणार असेल किंवा माणूस कोठडीत असेल, तर हा विचार बाजूला ठेवून आधी न्यायालय गाठावे.

विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, ती संधी सहसा वाया जाते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये सुधारित विधेयक मंजूर झाले. विधेयकाविषयी मत काहीही असो, हरकत लिहिताना ‘हा कायदा नको’ एवढ्यावर थांबू नये. कलमाचा क्रमांक, त्यातील नेमका शब्द, त्याने कोणत्या अनुच्छेदाला बाधा येते आणि त्याजागी कोणता शब्द हवा, हे लिहावे. पुढे त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, तर धोका आधीच दाखवून दिला होता याची ती नोंद ठरते.

मोर्चा काढणे हा अनुच्छेद १९(१)(ख) खालील, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क आहे. पोलिसांकडे लेखी अर्ज करावा, मार्ग आणि अपेक्षित संख्या खरी सांगावी, आणि परवानगी नाकारली तर कारणांसह लेखी आदेश मागावा. टेकडी रोडवर मोर्चा अडवला गेल्यावर शिष्टमंडळ आत जाते, तेव्हा त्यातील एकाने निवेदनाच्या प्रतीवर पोच घेण्याचेच काम करावे. मागे उभ्या असलेल्या गर्दीत लहान मुले आणि वृद्ध कडेला राहतील आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी राहील, हे पाहणे आयोजकांचे कर्तव्य आहे. ते का, हे या शहराला सांगावे लागू नये.

निकाल लागल्यावर

सरकार कायदा बदलून निकाल निष्फळ करील का, ही भीती अनेकांना असते. निकालाचा आधार असलेला कायदा संसद बदलू शकते, संविधानही दुरुस्त करू शकते. पण २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून संविधानाच्या मूलभूत संरचनेला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, धक्का लावणारी दुरुस्ती न्यायालय रद्द करू शकते. तेरा न्यायाधीशांपैकी सातांचे ते मत होते, आणि ते आजही टिकून आहे.

सामान्य याचिकाकर्त्याची अडचण वेगळी असते: निकाल लागतो आणि कार्यालयात कोणालाच माहीत नसतो. आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागावी, ती एका पानाच्या पत्रासह संबंधित कार्यालयात द्यावी, आणि पत्रात न्यायालयाने दिलेली मुदत तारखेने लिहावी. मुदत संपूनही पालन झाले नाही, तर अवमान याचिका करता येते. अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते, आणि पहिल्या सुनावणीला न्यायालय पाहते ती नकलेच्या पोचपावतीवरची तारीख.